एकाच हाताचे दोन डोळे

आमच्या दवाखान्यात येणाऱ्या म्हाताऱ्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी कोणाला विचारून केलेला नव्हता. पहिला डोळा ज्याच्या हातचा, दुसराही त्याच्याच हातचा. हात बदलला तर आधीचा डोळा रुसतो म्हणे. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं लोक म्हणतात. आमच्याकडे एका वेळी एकच मिळायचा आणि दुसऱ्यासाठी पाच-दहा वर्षांनी परत यावं लागायचं. तोवर डॉक्टरांनी म्हातारं व्हायचं नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं.

डॉक्टर म्हणजे माझा नवरा, कुंदन पगारे. पेशंटांसमोर मी त्यांना डॉक्टर म्हणायची, मग घरातही तेच तोंडात बसलं. पंचवटीत मालेगाव स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचा दवाखाना. अगदी सुरुवातीला पाटीवरचं आडनाव वाचून काही लोक 'जरा जाऊन येतो' म्हणायचे आणि जायचे ते जायचेच. तोंडावर कोणी कधी काही बोललं नाही. डॉक्टरही बोलले नाहीत. ते डोळे करत राहिले आणि बरे झालेले डोळे गावोगाव फिरून बोलले. नव्वद सालानंतर तर दिवाळी सरली की सटाणा, नामपूर, कळवण, पेठ, सगळीकडची माणसं आमच्या ओट्यावर बसलेली असायची. डोळा थंडीतच करावा, उन्हाळ्यात चिघळतो, हा त्यांचा दुसरा नियम.

मी महापालिकेच्या शाळेत शिकवत होते, ती नोकरी सोडून दवाखान्यात आले. थिएटरमध्ये माझं काम एकच, पेशंटचा हात धरून बसायचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पेशंट जागा असतो. इंजेक्शन देऊन फक्त डोळा बधिर करतात आणि तोंडावर हिरवं कापड टाकतात, त्याला डोळ्यापुरतं भोक. आतल्या माणसाला दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. म्हणून डॉक्टर बोलत राहायचे. 'मान सरळ. श्वास सोडा. छान. झालंच आता.' त्या आवाजाने माझ्या हातातला हात सैल पडत जायचा. घरी जाऊन माणसं सांगायची की दुखलंच नाही, डॉक्टर नुसते बोलत होते.

सकाळी थिएटर, दुपारी ओपीडी, रविवारी कुठल्या तरी तालुक्यात शिबिर, अशी वर्षांमागून वर्षं गेली. मायक्रोस्कोपमध्ये वाकून वाकून डॉक्टरांची मान कायमची पुढे आली. गळ्यात पट्टा आला. मग उजव्या हाताचं एक बोट थरथरायला लागलं. आधी ते मला दिसलं, चहाचा कप उचलताना. मग त्यांना दिसलं, मायक्रोस्कोपखाली, जिथे केसाएवढी थरथरसुद्धा लपत नाही. त्यांनी त्या दिवशीची उरलेली ऑपरेशनं पुढे ढकलली आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

त्यातच बिनटाक्याच्या ऑपरेशनचं मशीन आलं. पायाखाली पॅडल, हातात पेनाएवढी सुई, ती मोतीबिंदू आतल्या आत फोडून ओढून घेते. डॉक्टर पंचावन्नाव्या वर्षी ते शिकायला गेले आणि तसेच परत आले. 'हातातलं काम माझ्या पायात उतरत नाही,' म्हणाले. दोन हजार तीन साली आमची एकुलती मुलगी दिशा डोळ्यांची डॉक्टर होऊन मद्रासकडून तेच शिकून आली. महिनाभर तिचा हात बघितल्यावर डॉक्टर मला म्हणाले, 'शुभांगी, माझ्यापेक्षा चांगला आहे गं.' त्यानंतरच्या रविवारी ते ऊन अंगावर येईपर्यंत झोपले. लग्न झाल्यापासून मी त्यांना असं झोपलेलं बघितलं नव्हतं.

मला वाटलं, सुटलो. पण म्हाताऱ्यांचा नियम होता ना. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ थेंब टाकून, कपडे बदलून तयार बसले होते. दिशा स्वतः जाऊन म्हणाली, 'काका, तुमचं ऑपरेशन मी करणार आहे.' काकांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं, 'आलोच' म्हणाले, आणि थेंबांनी दिपलेल्या डोळ्यांवर हात धरून रिक्षात बसून निघून गेले. असे आणखी काही गेले. पलीकडच्या रस्त्याला नवा दवाखाना उघडला होता, त्याला पेशंट पुरवायचं काम जणू आम्हीच घेतलं होतं.

मग चतुराबाई आल्या. गोदावरीच्या काठाला झेंडूच्या माळा विकायच्या. पहिला डोळा डॉक्टरांनी केलेला, दुसरा इतका पिकलेला की बाहुली पांढरीफटक. त्या टेबलावर आडव्या झाल्या, कापड टाकलं, दिशा मायक्रोस्कोपला बसली आणि कापडाखालून आवाज आला, 'डॉक्टर, तुम्हीच करताय ना? दुसऱ्या कोनाचा हात नाय लागू द्यायचा, आधीच सांगून ठेवते.'

डॉक्टर तिथेच स्टुलावर बसले होते, मुलीचं काम बघायला. दिशाने हातातली सुई तशीच धरून ठेवली होती. मग डॉक्टर म्हणाले, 'मीच आहे, चतुराबाई. मान सरळ. श्वास सोडा.' माझ्या हातातला चतुराबाईंचा हात लगेच सैल पडला. दिशाने काम केलं, डॉक्टर बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली. चतुराबाईंनी माझ्या साडीच्या काठावरचे मोर मोजून दाखवले आणि डॉक्टरांपुढे झेंडूची टोपली ठेवली. दिशा शेजारीच उभी होती. तिला म्हणाल्या, 'थेंब ग्वाड टाकते गं पोरी तू. अजिबात झोंबत नाय.' आम्ही तिघं घरी येऊन पोट दुखेपर्यंत हसलो. तेव्हा हसू आलं होतं.

एकदा जमलेली लबाडी पुन्हा करायला कष्ट पडत नाहीत. हात दिशाचे, आवाज तिच्या पप्पांचा, असं सुरू झालं. हत्यारं हातात द्यायला आमच्या मंगलाबाई सिस्टर, त्या गप्प, मी गप्प. दिशा तर थिएटरमध्ये तोंडच उघडायची नाही, काही हवं असलं की बोटाने दाखवायची. डोळे इतके छान व्हायला लागले की पेशंट वाढले. 'पगारे डॉक्टरांचा हात म्हातारपणी आनखी बसला,' असं लोक माझ्याच तोंडावर म्हणायचे. मी हसून मान हलवायची आणि माझं डोकं तापायचं.

'आता सांगून टाका,' मी डॉक्टरांना म्हणायची.

'पुढच्या दिवाळीला सांगू. थोडी ओळख होऊ दे तिची.'

'ओळख झालीय की. थेंब टाकणारी पोरगी.'

'अगं, पेशंट उठून गेले तर तिलाच करायला काही उरणार नाही.'

यात खोटं काही नव्हतं, म्हणून तर जास्त राग यायचा. आणि मला दुसरंही दिसत होतं. ते नाव सोडायला त्यांना जड जात होतं. 'जरा जाऊन येतो' म्हणणाऱ्या माणसांकडून एकेका डोळ्याने मिळवलेलं नाव होतं ते. मान गेली, हात गेला, आता तेवढंच उरलं होतं. मी बायको आहे, मला ते कळत होतं. पण मी आई पण होते आणि माझी पोर माझ्या डोळ्यांदेखत नसल्यासारखी होत चालली होती.

दिशा कधी भांडली नाही. दोन हजार सहाच्या गणपतीत ती एक दिवस भांडी पुसता पुसता म्हणाली, 'आई, पुण्याच्या एका हॉस्पिटलमधून बोलावणं आलंय. जावं म्हणते.'

'का गं? इथे काय कमी आहे?'

'इथे पाटीवर माझं नाव आहे. पेशंटच्या तोंडात नाही. एवढे डोळे केले मी, आई. एकदा कोणीतरी म्हणायला हवं ना, हा डोळा दिशा पगारेने केला. एकाने म्हटलं तरी मी थांबेन.'

मी तिच्याकडून थंडी संपेपर्यंतची मुदत मागून घेतली. डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गळ्यातला पट्टा सोडत आणि बांधत बसले. 'या थंडीत सांगू,' म्हणाले. मी विचारलं, कोणत्या दिवशी? त्यांनी पट्टा पुन्हा सोडायला घेतला.

त्या थंडीत नामपूरचे देवराम आले. कांदा मार्केटला मापाडी होते, सगळं आयुष्य वजनकाट्यापाशी गेलेलं. पहिला डोळा डॉक्टरांनी पूर्वी टाके घालून केलेला. दुसरा त्यांनी इतकी वर्षं तसाच ठेवला, कारण आधी लाल कांदा, मग उन्हाळ कांदा, मग नातवाचं लग्न, मग पुन्हा लाल कांदा. मोतीबिंदू तपकिरी होऊन दगडासारखा घट्ट झाला होता. या डोळ्याला वेळ लागेल, असं दिशाने आदल्या दिवशीच सांगून ठेवलं.

डॉक्टर सकाळपासून ओपीडीत होते. रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली होती, तिने त्यांना दिवसभर पेंग यायची. दुपारी ते गाऊन चढवून, मास्क बांधून स्टुलावर बसले. थिएटरमध्ये दिवे मंद, एसीचा गारवा, मशीनची घरघर.

'डाक्टर, तुम्हीच शेतस ना?' देवरामांनी कापडाखालून अहिराणीत विचारलं.

'मीच आहे. मान सरळ. श्वास सोडा.'

'मना पहिला डोया बी तुम्हीच करेल शे.'

'आठवतंय मला. आता बोलू नका, छान पडून राहा.'

निम्मं काम झालं असेल. मी देवरामांचा हात धरून दिशाचे हात बघत होते, आणि माझ्या ध्यानात आलं की आवाज थांबलाय. वळून बघितलं तर डॉक्टरांची हनुवटी छातीला टेकलेली, मास्क हळूहळू आतबाहेर होत होता. झोपले होते. जन्मभर वाकून उभ्याने राबलेला माणूस बसल्या जागी झोपला, आणि खरं सांगते, मला आधी दयाच आली. जागं करायला मी उठणार तर माझा हात देवरामांच्या मुठीत.

'डाक्टर?' देवराम म्हणाले.

माझा हात करकचून आवळला गेला. 'डाक्टर, कोठे ग्यात?' म्हणत, आवाज ज्या बाजूने यायचा त्या बाजूला त्यांनी डोकं वळवलं.

'बाबा, मान हलवू नका,' दिशा म्हणाली. 'मी दिशा. तुमचा डोळा मी करतेय. सुई डोळ्यात आहे. मान सरळ करा, हळू. अशीच. मी आहे इथे.'

थिएटरमध्ये तिचा आवाज मी इतक्या दिवसांनी ऐकत होते. स्वच्छ होता, घाबरलेला नव्हता. देवरामांची मान जागेवर आली. पण तेवढ्या हिसक्याने भिंगामागची पातळ पिशवी फाटली होती. दिशाने मायक्रोस्कोपवरून डोळे न काढता मंगलाबाईंकडे एकेक हत्यार नाव घेऊन मागितलं. मध्ये मध्ये देवरामांना सांगत राहिली, आता पाणी लागेल, आता थोडं दाबल्यासारखं वाटेल. फाटलेल्या पिशवीवर बेताने भिंग बसवलं, एक टाका घातला आणि डोळा बंद केला. डॉक्टर तिच्या पहिल्या शब्दालाच जागे झाले होते. ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

टेबलावरून उतरताना देवराम एवढंच म्हणाले, 'मले फसाडं तुम्ही.'

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली. डोळ्याला सूज होती आणि बुबुळावर धुकं होतं. अशा डोळ्याला असं होतं, दोन-तीन आठवड्यांत ते उतरतं. डोळा वाचला होता. पण ते देवरामांना कोण पटवणार? 'नुसता धूर दिखस,' ते म्हणाले. बाहेर बाकांवर पेशंट भरलेले. देवरामांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की डॉक्टर मध्येच नाहीसे झाले आणि डोळा पोरीने केला, म्हणून हे असं झालं. पहिला डोळा डॉक्टरांच्या हातचा, तो बघा कसा काचेसारखा. बाकांवरची माणसं वळून दिशाकडे बघायला लागली. तीन वर्षांत तिच्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं. तिने केलेले सगळे चांगले डोळे बापाच्या नावावर गेले आणि तिच्या नावावर पहिला लागला तो हा.

दिशाने देवरामांच्या डोळ्यात थेंब टाकले आणि 'डोळा मिटून बसा, बाबा' म्हणाली. माझा संताप संताप झाला. एकेकाला उभं करून सांगावंसं वाटलं की तुझा डोळा कोणी केला, तुझा कोणी केला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात डॉक्टर केबिनमधून बाहेर आले. चष्म्याचा नंबर तपासायला चतुराबाई आल्या होत्या, त्या पुढच्याच बाकावर होत्या. त्यांच्या शेजारी लताबाई, त्यांचा डोळा आदल्या वर्षी झालेला. डॉक्टर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

'चतुराबाई, तुमचा दुसरा डोळा हिने केला,' ते म्हणाले. 'मी नाही. मी शेजारी बसून नुसता बोलत होतो. लताबाई, तुमचाही हिनेच केला. तीन वर्षं झाली, या दवाखान्यात एकही डोळा मी केलेला नाही. हा माझा हात बघा.' त्यांनी उजवा हात सगळ्यांसमोर धरला. बोट थरथरत होतं. 'काल मी झोपलो. मला शोधायला देवरामांनी मान वळवली, म्हणून डोळा बिघडत होता. हिने तो वाचवला. माझ्या हातून तो गेला असता.'

इतक्या वर्षांच्या संसारात मला त्यांचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. जमवलेलं सगळं नाव त्यांनी उभ्या उभ्या पोरीच्या ओटीत टाकलं होतं. मी दिशाकडे बघितलं. तिचा चेहरा लाल झाला होता, ओठ दाताखाली धरलेला.

चतुराबाई उठल्या. त्यांनी डॉक्टरांचा थरथरता हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, दोन्ही डोळ्यांना.

'बाप असावा तर असा,' त्या बाकांकडे वळून म्हणाल्या. 'पोरीच्या हातून चुकलं तर म्हातारा सगळं आपल्या अंगावर घेऊन ऱ्हायला. माझा डोळा यांनीच केला. मी काय बहिरी हाय का? सगळा वेळ माझ्याशी बोलत व्हते.'

'माझ्याशी पण,' लताबाई म्हणाल्या.

'चतुराबाई, मी खरं सांगतोय हो,' डॉक्टर म्हणाले.

'हाय, हाय. खरंच हाय,' त्या म्हणाल्या, लहान पोराची समजूत काढावी तशा. 'तुम्ही बसा बरं आधी. लय दमलाय.'

कोणीतरी उठून त्यांना जागा करून दिली. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, मग पुन्हा सांगितलं. जितकं सांगत गेले तितके लोकांच्या नजरेत मोठे होत गेले. कोणी हात जोडले, कोणी पाणी आणून दिलं. देवरामसुद्धा विरघळले. 'बाप शे,' ते बाजूच्याला म्हणाले, 'पोरले सांभाळी लेईच.' मग त्यांनी अंदाजाने दिशाच्या बाजूला तोंड केलं आणि मोठ्या मनाने तिला माफ करून टाकलं. 'शिकी लेशी, बेटा,' म्हणाले.

दिशा केबिनमध्ये गेली. मी तिच्या मागोमाग गेले. मला वाटलं, रडत असेल. ती टेबलाला टेकून उभी होती, चष्मा काढून ओढणीने पुसत होती.

'पप्पा सगळं खरं बोलले गं,' मी म्हटलं.

'ऐकलं मी. फार बरं वाटलं, आई.' आणि तिला बरं वाटलं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. 'पण आता त्यांनी रोज सांगितलं तरी उपयोग नाही. इथे मी केलेला चांगला डोळा त्यांचा. बिघडलेला तेवढा माझा.'

शाळेत असताना मी पोरांना सांगायची की खरं बोललं की सगळं सुरळीत होतं. बाहेर खरं बोलून झालं होतं आणि बाकावर बसलेल्या माणसाला लोक पाणी पाजत होते.

'देवरामांची सूज उतरेपर्यंत मी आहे,' दिशा म्हणाली. 'त्यांचा डोळा मी पूर्ण करून देते. मग जाते. पुण्याला आत्ताच कळवते, नाहीतर माझं मन बदलेल.'

याआधी दर वेळी मी 'थांब जरा' म्हटलं होतं. या वेळी ते माझ्या तोंडातून निघालं नाही. मी टेबलावरचा फोन तिच्याकडे सरकवला. बाहेर चतुराबाई नव्याने आलेल्या कोणाला तरी सांगत होत्या की ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर कसे शेवटपर्यंत बोलत होते. दिशाला ते ऐकू येऊ नये म्हणून मी दार लावून घेतलं.